गुरुवारी टोचले, ते रविवारी बघणार कोण?

सासऱ्यांच्या थुंकीत क्षयरोगाचे जंतू सापडले, तेव्हा घरातल्या प्रत्येकाची तपासणी व्हायला हवी, हे आम्हाला कोणी समजावून सांगावे लागले नाही. आमच्या आठ वर्षांच्या स्वमग्न मुलाच्या मॉन्टू चाचणीलाही आमची हरकत नव्हती. संताप आहे तो ज्या बेफिकिरीने ती उरकली गेली, तिचा.

या चाचणीत हाताच्या आतल्या बाजूला, अगदी कातडीतच, ०.१ मिलिलिटर ट्यूबरक्युलिन, म्हणजे क्षयाच्या जंतूंपासून काढलेले प्रथिन, टोचतात आणि ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान तिथला कडक फुगवटा मिलिमीटरमध्ये मोजतात. नुसती लाली धरत नाहीत. म्हणजे टोचण्याइतकेच महत्त्व परत येण्याच्या वेळेला आहे. आम्हाला तासगावहून मिरजेला बोलावले, गुरुवारी दुपारी चार वाजता. तिथून ४८ तास मोजले तर शनिवारचे चार वाजतात आणि ७२ तास रविवारी चारला संपतात. बाह्यरुग्ण विभाग शनिवारी एकला बंद होतो, रविवारी उघडतच नाही. सिस्टरांच्या डोक्यामागेच कॅलेंडर टांगलेले होते, पण त्याकडे एकदाही पाहावे असे कोणाला वाटले नाही.

मी आठवडाभर त्याला फोटो दाखवून तयार केले होते: एसटी, पायऱ्या, खुर्ची, सुई, मग घर. तिथे मात्र दीड तास ट्यूबलाइटच्या गुणगुणीत आणि गर्दीत थांबवले, आणि तो कानांवर हात ठेवून ओरडू लागताच चौघांनी धरून टोचले. "अहो ताई, जरा शिस्त लावा की याला," हे वर ऐकावे लागले. त्याचे अपंगत्वाचे कार्ड मी पुढे केले होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे आणि उपचारांत अशा रुग्णांना प्राधान्य द्यावे असेही म्हटले आहे, पण ते कार्ड कोणी हातातही घेतले नाही.

टोचलेली जागा खाजवू देऊ नका, एवढेही कोणी सांगितले नाही. दोन रात्री मी त्याचा हात धरून जागी राहिले. सोमवारी गेलो, तर "वेळ टळली, दुसऱ्या हातावर पुन्हा करू" असे उत्तर मिळाले, जणू वेळ आम्हीच टाळली होती! एकाच खेपेत रक्त देऊन होणारी इग्रा चाचणी असते आणि लहानपणीच्या बीसीजी लशीचा तिच्यावर परिणाम होत नाही, हे मला बाहेरून कळले. रक्त काढणेही त्याला सोपे जाणार नाही, हे मला मान्य आहे, आणि ती चाचणी सगळीकडे होत नसेल, खर्चही जास्त असेल. पण निदान विचारायचे तरी! मूल आमचे आहे, त्याला काय सोसवते हे आम्हाला ठाऊक आहे.

आता शाळेच्या सदऱ्याची बाही सरकवायला गेले तरी तो हात काखेत दडवतो. पुढची तारीख मी स्वतः मोजून मंगळवारची मागितली, तर सिस्टर म्हणाल्या, "आमच्याकडे या चाचण्या गुरुवारीच असतात."