भूत, पण आमच्या सोयीनं

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात हिवाळ्यात रात्री दहानंतर जागे असतात ते जागलीवर गेलेले शेतकरी, कुत्री आणि मी. जागलीवाले रानडुकरं हाकलतात, कुत्री जागलीवाल्यांवर भुंकतात आणि मी झेरॉक्सच्या दुकानाचं शटर आतून ओढून भूत शोधतो.

गेमचं नाव फॅस्मोफोबिया. २०२० च्या सप्टेंबरात आला. जास्तीत जास्त चौघांनी मिळून झपाटलेल्या घरात शिरायचं, थर्मामीटर, कॅमेरा लावून पुरावे जमवायचे, भुताची जात ओळखायची आणि जमलं तर जिवंत बाहेर पडायचं. भुताच्या जाती दोन डझन तरी आहेत. या वेळी कोणती निघेल, हे आपल्या हातात नसतं. आमच्यात पुण्याहून पिंट्या असतो, नागपुराहून गज्या आणि अमरावतीच्या होस्टेलवरून माझा भाचा.

स्पिरिट बॉक्स म्हणजे भुताशी बोलायचा रेडिओ. त्यावर भुताला प्रश्न विचारावे लागतात आणि ते माइकवरून ऐकतं. गज्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "कुठी हायेस बे?" काही नाही. भाच्यानं "व्हेअर आर यू?" म्हटलं, तर लगेच उत्तर. म्हणजे भूत इंग्रजी माध्यमाचं.

भांडण मात्र जातीवरून नाही, सेटिंगवरून. २०२२ मध्ये या गेमात आपली अडचण आपणच ठरवायची सोय आली. भुताचा वेग किती, पुरावे किती द्यायचे, आपलं डोकं सुरुवातीला किती टक्के ठिकाणावर, लपायच्या जागा किती, फ्यूज बॉक्स चालू की बंद, सगळं विचारतात. हवामानसुद्धा! मुसळधार पाऊस हवा तर तो निवडायचा. हा पर्याय आमच्या गावात पऱ्हाटी लावलेल्या माणसाला दाखवला, तर तो भूतबीत सोडून तिथंच बसेल.

माझं म्हणणं एकच: डोळे मिटून बटण दाबा, जे निघेल ते निघेल. आजा सांगायचा, त्याला चकवा लागला तेव्हा रात्रभर एकाच बांधाला फेऱ्या घातल्या. चकव्यानं त्याला आधी विचारलं होतं का, की बुवा, किती फेऱ्या ठेवू?

"मामा, मागच्या वेळी तूच सगळ्यात आधी मेला," भाचा म्हणतो. हे खरं आहे, पण मुद्द्याला सोडून आहे.

पिंट्या पुण्यात गेल्यापासून प्रत्येक गोष्टीचा विचार करतो. "फ्यूज बॉक्स बंद ठेवून मजा येते, पण मग भूत मैत्रीचं ठेवू, म्हणजे मारणार नाही." न मारणारं भूत! त्यापेक्षा पाहुणे बोलवा ना. असा तासभर वाद, मग बारा मिनिटं खेळ, त्यातली चार मी मेलेलो.

डिसेंबरात शेतीच्या मोटरला रात्रीची लाइन होती, म्हणजे वीज रात्रीच यायची. बाबा दारावर थाप मारून म्हणाले, "लाइन आली, चाल. हरभऱ्यातले पाइप बदलाचे हायेत." खेळ अर्धा टाकून निघालो. बाबा मोटर चालू करायला विहिरीकडे गेले, मी तुरीच्या कडेनं हरभऱ्यात.

थंडी अशी की तोंडातून वाफ निघत होती. गेमात हा पुरावा असतो. तेवढ्यात टॉर्च मिचमिचला. सेल जुने होते, हे मला आता कळतं. गेमात टॉर्च मिचमिचला की भूत शिकारीला निघालं समजायचं. मग उजेड बंद, तोंड बंद आणि लपायचं, कारण त्याला आवाज ऐकू येतो आणि चालू असलेल्या वस्तूही कळतात. तुरीत काहीतरी सळसळलं. मी टॉर्च विझवला, मोबाइल बंद केला आणि तुरीच्या दोन ओळींत उकिडवा बसलो.

पावलं जवळ आली. थांबली. मी श्वास धरला.

पहिलं ढेकूळ कानाजवळून गेलं. दुसरं पाठीत बसलं. गेमात भूत वस्तू फेकतं, हे आठवलं आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "व्हेअर आर यू?"

तिसरं ढेकूळ हवेतच राहिलं असावं. अंधारातून बाबांचा आवाज आला, "डुक्कर इंग्रजी बोलून रायलं काय बे?"

पायाखालची वाट म्हणून ते टॉर्चशिवाय आले होते. मी दिसेना, तुरीत खुसफूस झाली, म्हणून त्यांनी डुक्कर समजून झोडपलं. "आवाज काऊन नाई देल्ला?" याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सांगायला आधी सगळा गेम समजवावा लागला असता, आणि पाइप आठ होते.

सकाळी चहाच्या टपरीवर दोघांनी मला इंग्रजीत हाक मारली.

रात्री पुन्हा चौघं जमलो. भाच्यानं विचारलं, "मामा, डोळे मिटून बटण दाबू?"

"थांब," मी म्हणालो. "आधी फ्यूज बॉक्स चालू कर. आणि ते मैत्रीचं भूत कुठं असते, दाखव."