डेटिंग शो बघून वयाच्या अंतरावर मत बनवणाऱ्यांसाठी

नेटफ्लिक्सवरच्या 'लव्ह इज ब्लाइंड' या अमेरिकी डेटिंग शोचा २०२० चा पहिला सीझन आठवा. जेसिका ३४ ची, मार्क २४ चा. एकमेकांचं तोंडही न बघता, भिंतीआडून बोलून काही दिवसांत लग्न ठरलं. पुढे भागामागून भाग तिच्या तोंडी एकच विषय, दहा वर्षं. शेवटी ऐन लग्नात तिनं नकार दिला आणि बघणाऱ्यांनी ठरवून टाकलं, वयाचं जमत नाहीच.

मला हे पटत नाही. अशा शोमध्ये मुलाखत घेणारा तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारतो आणि उत्तर पूर्ण वाक्यात मागतो, म्हणजे प्रश्न कापता येतो. बघताना एक करा. माणूस बोलायला लागतो, मधेच कॅमेरा समोरच्याच्या चेहऱ्यावर जातो आणि आवाज चालूच राहतो, तिथे कान द्या. सूर बदलला, श्वास अर्धवट तुटला, तर वेगवेगळ्या वेळची वाक्यं जोडलेली असू शकतात. त्या शोमधले सोनेरी पेलेही बघा. काचेचा ग्लास असता तर पेय कमी-जास्त झालेलं दिसलं असतं आणि जोड उघडी पडली असती. पेल्यात ते कळतच नाही.

उलट उदाहरणही आहे. 'द गोल्डन बॅचलर' या ज्येष्ठांच्या अमेरिकी डेटिंग शोमधले गेरी टर्नर ७२ चे, थेरेसा निस्ट ७० च्या. जानेवारी २०२४ मध्ये टीव्हीवर लग्न, एप्रिलमध्ये घटस्फोटाची घोषणा. वय अगदी जुळलेलं. अडलं कुठं, तर दोघांची घरं आणि लेकरं वेगवेगळ्या राज्यांत, आणि राहायचं कुठं हे ठरेना.

आता आपल्या सोलापुरात या. नवरा बारा वर्षांनी मोठा असला तर मांडवात कुणी चकार शब्द काढत नाही. नवरी तीन वर्षांनी मोठी असली की गल्लीभर कुजबुज. हा अन्याय आहेच, पण त्याहून मला खुपतं ते हे, की दोन्हीकडे हिशेब कुणीच मांडत नाही.

मुलगी २६, मुलगा ३८ धरा. दोन वर्षांनी मूल झालं तर बाप चाळिशीचा. मूल बारावी होईल तेव्हा बाप ५८ चा, म्हणजे राज्य सरकारी नोकरी असेल तर निवृत्त. कॉलेजची फी नेमकी पगार थांबल्यावर. गृहकर्जाची मुदत बँका बहुतेक निवृत्तीच्या वयाकडे बघून ठरवतात, म्हणून ३८ व्या वर्षी हप्ता मोठा बसतो. टर्म इन्शुरन्स, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, ६० पर्यंतचाच घेतला तर तो संपेल तेव्हा बायको ४८ ची असेल. मुदत ७० पर्यंत न्या, प्रीमियम वाढला तरी. बँकेतल्या ठेवींना नॉमिनी म्हणून बायकोचं नाव लावलं म्हणजे पैसा तिचा झाला, असंही नाही. दोन साक्षीदारांच्या सह्यांनी मृत्युपत्र करा, आणि दुसरं लग्न असून पहिल्या लग्नाची मुलं असतील तर आधी तेच करा. मुलाचे आईवडील बहुधा साठी-सत्तरीचे असतात. त्यांचं दुखणं-खुपणं कोण बघणार, हे बैठकीतच विचारा.

बायको मोठी असेल, समजा ३५ ची, तर मूल हवं की नको हा प्रश्न 'बघू पुढे' म्हणून ढकलू नका. दोघांनी तपासणी करून घ्यावी, फक्त तिनं नाही.

बायोडेटावर नुसतं वय लिहिलेलं असेल तर जन्मतारीख मागा आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याशी ताडून बघा. पन्नाशीच्या आसपासचं स्थळ असेल आणि तारीख १ जून असेल, तर ती गुरुजींनी लावलेली असू शकते. आणखी एखादा कागद बघा.

कायद्याला अंतराचं वावडं नाही. मुलगा २१, मुलगी १८ पूर्ण हवी. विशेष विवाह कायद्यानं लग्न करायचं तर ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार. हे ३० दिवस वरचे प्रश्न सोडवायला वापरा.

आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं, तेव्हासुद्धा आधी सम्मती कट्ट्यावर सम्मती वाचली जाते, मगच अक्षता पडतात. घरच्या मुलीला मात्र कांदेपोह्यांनंतर गच्चीवर पंधरा मिनिटं मिळतात आणि खाली आल्यावर सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसतात. तिला निदान तीन-चार भेटी द्या. त्यातली एक दोघांच्या पगाराच्या स्लिपा, कर्जाचे हप्ते आणि विम्याचे कागद समोर ठेवून होऊ द्या, मोठी माणसं खोलीत नसताना.