चार बोटांच्या चिरेतला खुबा : एका फिरत्या संदेशाला उत्तर

खुब्याच्या शस्त्रक्रियेविषयीचा एक मजकूर गेले काही महिने कुटुंबांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : आता खुबा दुर्बिणीतून, चार बोटांच्या चिरेतून बदलतात, स्नायू कापला जात नाही, रक्त जात नाही, रुग्ण त्याच दिवशी चालू लागतो, लगेच मांडी घालून बसतो, आणि असा खुबा जुन्या पद्धतीपेक्षा जास्त वर्षे टिकतो, तेव्हा मोठी चीर देणाऱ्या डॉक्टरकडे जाऊच नये. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना पुन्हा चालते करणे हे माझे रोजचे काम असल्याने हा मजकूर माझ्याकडे वरचेवर येतो, बहुधा ‘मॅडम, खरं का हो हे?’ एवढ्याच प्रश्नासह. त्यातले थोडे खरे आहे, आणि त्या थोड्याच्या आधारावर बाकीचे खपून जाते.

दुर्बिणीचे आधी उरकून टाकू. खुब्याची दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया वेगळी. तीत सांध्याच्या कडेची फाटलेली कूर्चा शिवतात किंवा वाढलेले हाड घासतात. सांधा बदलायचा म्हणजे कमरेच्या हाडात साधारण 50 मिलिमीटर व्यासाची वाटी ठोकून बसवायची आणि मांडीच्या हाडात दांडा उतरवायचा. हे सामान पेन्सिलीएवढ्या भोकातून आत जात नाही.

स्नायू कापला जात नाही, हे विधान पुढच्या मार्गापुरते बरेचसे खरे आहे. त्यात मांडीच्या पुढच्या बाजूने, दोन स्नायूंच्या मधल्या नैसर्गिक फटीतून सांध्यापर्यंत पोहोचतात. हा मार्गही नवा नाही. पॅरिसमध्ये शल्यविशारद ज्युदे यांनी 1947 सालापासून तो खुब्यातला गोळा बदलण्यासाठी वापरला होता. मागच्या, म्हणजे नितंबाच्या बाजूने जाणाऱ्या, मार्गात मांडी बाहेर वळवणारे आखूड स्नायू हाडापासून सोडवतात आणि शेवटी पुन्हा शिवतात; परंतु चालताना कंबर एका बाजूला कलू न देणारा नितंबाचा मुख्य स्नायू त्यातही शाबूत राहतो. हीच मागची शस्त्रक्रिया लहान चिरेतून केली, तर कातडीवरची रेघ आखूड होते, आत मात्र तेच स्नायू सोडवावे लागतात. ‘कमी छेदाची शस्त्रक्रिया’ या एकाच नावाखाली अशा तीन-चार निरनिराळ्या पद्धती येतात, आणि संदेश एकीचा गुण दुसरीच्या पदरात टाकतो. शिवाय लहान जागेतून काम करायचे तर तीच जागा धातूच्या आकड्यांनी ताणून धरावी लागते. अशा ताणाने चिरेच्या कडा काळ्यानिळ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत.

पुढच्या मार्गाची एक किंमत संदेशात अजिबात नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूची संवेदना नेणारी एक नाजूक नस चिरेच्या अगदी जवळून जाते आणि ती दुखावली की तेवढा पट्टा बधिर होतो. चालण्यात त्याने अडथळा येत नाही, पुष्कळांचा बधिरपणा हळूहळू कमीही होतो. पण माझ्या एका रुग्ण आजी मांडीवर तळहात फिरवत म्हणाल्या होत्या, ‘नातू मांडीवर डोकं ठेवतो, ते या बाजूला कळतच नाही.’ हे त्यांना आधी सांगायला हवे होते.

रक्ताविषयी बोलायचे तर 2005 साली बेलफास्टमधून प्रसिद्ध झालेला एक अभ्यास पाहावा. एकाच शल्यविशारदाच्या 219 रुग्णांना यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत वाटले होते. एका गटाला 10 सेंटिमीटरपर्यंतची चीर, दुसऱ्याला 16 सेंटिमीटरची. भूल, वेदनाशामक औषधे आणि व्यायाम दोघांनाही सारखेच. रक्ताची पातळी, रक्त चढवण्याची गरज, वेदना, सुरुवातीचे चालणे, रुग्णालयातले दिवस, यांपैकी कशातही म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. आज रक्त कमी चढवावे लागते त्याचे मोठे श्रेय ट्रानेक्झामिक ॲसिड या रक्तस्राव कमी करणाऱ्या औषधाला आहे, आणि ते औषध चिरेची लांबी पाहून काम करीत नाही.

त्याच दिवशी चालण्याचेही तसेच. हे श्रेय डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केहलेट यांच्यासारख्यांनी रुजवलेल्या उपचारक्रमाला द्यायला हवे : कमरेखालची भूल, निरनिराळी वेदनाशामके थोड्या थोड्या मात्रेत, नळ्या शक्य तितक्या कमी, आणि भूल उतरताच पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवणे. लांब चिरेचे रुग्णही माझ्यासमोर संध्याकाळी वॉकर धरून दारापर्यंत जाऊन येतात. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत दोन छोट्या चिरांच्या पद्धतीचा असाच गाजावाजा झाला होता. पुढे मृतदेहांवरच्या अभ्यासात त्या पद्धतीने स्नायूंची इजा जास्त दिसली, आणि तिथल्याच मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या 2008 सालच्या तुलनेत तिच्या रुग्णांना वॉकर सोडायला, नेहमीच्या कामाला लागायला एका छोट्या मागच्या चिरेच्या रुग्णांपेक्षा जास्त दिवस लागले. आता ती पद्धत फारशी ऐकूही येत नाही.

तरीही पुढच्या मार्गाचा लाभ मी नाकारत नाही. पहिल्या काही आठवड्यांत वेदना थोड्या कमी असतात आणि काठी लवकर सुटते. ज्याला घरी एकट्याने वावरायचे आहे त्याला ते दिवस मोलाचे असतात. मात्र तीन ते सहा महिन्यांत दोन्ही मार्गांचे रुग्ण सारखेच चालताना दिसतात.

मांडी घालून बसण्याचा मुद्दा आपल्याकडे सर्वांत नाजूक आहे, कारण पंगत, पूजा आणि गावाकडचा संडास, सगळे त्याच्याशी बांधलेले. मागच्या मार्गानंतर पाय खूप वाकवून आत वळवला तर सांधा निखळण्याचा धोका असतो; पुढच्या मार्गानंतर पाय मागे नेऊन बाहेर वळवला तर. ऑस्ट्रेलियाच्या सांधेबदल नोंदवहीत पुढच्या मार्गानंतर निखळल्यामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचे प्रमाण कमी दिसते, पण मांडीचे हाड मोडल्यामुळे किंवा दांडा सैल झाल्यामुळे करण्याचे जास्त. रुग्ण खाली बसू शकेल की नाही हे वाटीचा कोन, गोळ्याचा आकार, कण्याची लवचीकता आणि भोवतालच्या ऊती ठरवतात. काहींना काही महिन्यांनी परवानगी मिळते, काहींना कधीच नाही, आणि ‘लगेच’ तर कोणत्याही मार्गाने नाही.

टिकाऊपणाचा दावा तर निराधार आहे, कारण आत बसवलेला सांधा दोन्हीकडे एकच असतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 2019 साली आलेल्या विश्लेषणानुसार सुमारे 58 टक्के कृत्रिम खुबे 25 वर्षे टिकतात, आणि हे खुबे चीर लहान करण्याची चढाओढ सुरू होण्यापूर्वीचे आहेत. उलट, डीप्यू कंपनीचा एएसआर हा धातूवर धातू घासणारा खुबा ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून परत मागवावा लागला, तो सामानातल्या दोषामुळे. तरीही माझ्याकडे येणाऱ्यांपैकी क्वचितच कोणाला आपल्या खुब्यात काय बसवले आहे हे सांगता येते. त्याचे स्टिकर असलेला कागद फायलीत कुठेतरी दुमडून पडलेला असतो, चिरेची लांबी मात्र तोंडपाठ असते.

राहिला मोठी चीर देणारा डॉक्टर. पोट जांघेवर ओघळत असेल तर पुढची जखम ओली राहून चिघळू शकते. लहानपणीच्या आजाराने सांध्याची ठेवणच बिघडलेली असेल किंवा जुना कृत्रिम सांधा काढायचा असेल, तर आतले नीट दिसणे आवश्यक असते. पुढचा मार्ग नव्याने शिकणाऱ्याच्या सुरुवातीच्या शस्त्रक्रियांत गुंतागुंत जास्त होते, हेही सर्वज्ञात आहे. अशा वेळी चीर चार बोटे वाढवणारा डॉक्टर टाळण्याजोगा नसतो. तो बहुधा वाटीचा कोन डोळ्यांनी पाहून घेत असतो.