‘केआलोहा’ आडनावाच्या फ्रेमला मिळालेल्या दोन स्टार रिव्ह्यूवर आमचं उत्तर

नमस्कार ताई, तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि आज सकाळी वर्कशॉपमध्ये सगळ्यांना वाचून दाखवला. दोन स्टारचं वाईट वाटलंच, पण लेकीच्या लग्नात हवाई बेटांवरच्या होनोलुलूच्या जावयाला द्यायला एवढ्या हौसेने करून घेतलेली, आडनाव, अर्थ आणि इतिहास असलेली फ्रेम तुमच्या मनास आली नाही याचं जास्त वाईट वाटलं. फोनवर बोललो असतो, पण तुम्ही जे विचारलंय ते आडनावाची फ्रेम करून घेणारे बरेच जण विचारतात म्हणून इथेच सविस्तर लिहितोय.

बाकीच्यांना कळावं म्हणून ताईंच्या तक्रारी थोडक्यात: फ्रेम नऊ दिवस उशिरा आली, अर्थ म्हणून नुसतं ‘प्रेम’ लिहिलं जेव्हा की आडनावांच्या एका वेबसाइटवर ‘तेजस्वी’ असा भारी अर्थ आहे, घराण्याचं चिन्ह नाही, इतिहास 1860 पासूनच सुरू होतो, आणि हे आडनाव जगात कितव्या नंबरला आहे ते लिहिलेलं नाही.

उशिराचं आधी. लेझर मशीनची ट्यूब गेली होती, ते आम्ही तुम्हाला तेव्हाच कळवायला हवं होतं, कळवलं नाही, रिसेप्शन होऊन गेल्यावर पार्सल पोचलं. चूक शंभर टक्के आमची आहे, कुरिअरचे पैसे आज परत करतोय.

आता अर्थ. केआलोहा म्हणजे ‘के’ अधिक ‘आलोहा’. हवाईयन भाषेत ‘के’ हे इंग्रजीतल्या ‘द’सारखं नामाच्या आधी लागतं, मराठीत आपल्याकडे तसलं काही नाही त्यामुळे आपल्याला ते पटकन दिसत नाही. पुढचा शब्द क, आ, ए किंवा ओ ने सुरू होत असेल तर ‘के’ आणि एरवी ‘का’, थोडे अपवाद आहेत पण साधारण हिशोब हाच. म्हणून तर हवाईयन आडनावं बघाल तर निम्मीशिम्मी का-के नेच सुरू होतात असं वाटतं: कलानी म्हणजे का लानी, आकाश, कहाले म्हणजे घर, कानाहेले म्हणजे रान, केकोआ म्हणजे योद्धा, आणि कोआ नावाचं झाडही आहे तिकडे. ही फोड एकदा समजली की मला तर प्रत्येक आडनाव उघडून बघावंसं वाटतं.

तुम्ही पाठवलेला ‘तेजस्वी’ हा अर्थ मी शोधला. ‘आलोही’ असा वेगळा शब्द आहे, चमकणं, झळकणं या अर्थाचा, आणि केआलोहीलानी हे वेगळंच नाव आहे, त्यात आकाशाचं तेज आहे. माझ्या मते कुणीतरी दोन्हीची सरमिसळ केली आणि मग एकाचं बघून दुसऱ्याने उचललं. जावईबापूंचं आडनाव आलोहाचं आहे, आलोहीचं नाही. आणि आलोहा म्हणजे विमानतळावर हार घालून म्हणतात तेवढंच नाही हो, त्यात प्रेम आहे, माया आहे, दया आहे, भेटतानाचा आणि निरोपाचा नमस्कारही त्यातच. आम्ही ‘प्रेम’ छापलं, आता विचार करता ‘माया’ जास्त जवळचा वाटतो, दोन्ही घालता आले असते, ते सुचलं नाही हे मान्य.

चिन्ह मात्र मी घालणार नाही. ढाल-सिंहवाली चिन्हं युरोपातली पद्धत. हवाईच्या राजघराण्याने 1840 च्या दशकात तसं चिन्ह लंडनहून करून घेतलं होतं, पण ते राज्याचं, केआलोहा नावाच्या कुठल्या घराचं नाही. इंटरनेटवर विकत मिळतं ते कुणीतरी कॉम्प्युटरवर जोडलेलं असतं, ते सागवानावर कोरून तुमच्या जावयाच्या भिंतीवर लावायला माझा हात होत नाही, मग तुम्ही एक स्टार दिला तरी चालेल.

1860 चं जरा नीट सांगतो कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. त्याआधी हवाईयन माणसाला आडनाव नसायचं, एकच नाव. ते नाव पण असंच ठेवलेलं नसायचं, कधी घरातल्या वडीलधाऱ्यांना स्वप्नात यायचं, त्याला इनोआ पो म्हणतात, म्हणजे रात्रीचं नाव, कधी कुठला शकुन दिसला त्यावरून, कधी कुणाच्या आठवणीत. मग चौथ्या कामेहामेहा राजाच्या काळात, 1860 साली नावांचा कायदा झाला: लग्न झालेल्या बाईने नवऱ्याचं नाव कुटुंबाचं नाव म्हणून लावायचं, मुलांनी वडलांचं नाव आडनाव म्हणून लावायचं, आणि शिवाय मुलगा-मुलगी ओळखू येईल असं एक ख्रिस्ती नाव ठेवायचं. म्हणजे ज्याच्या बापाचं नाव केआलोहा त्याच्या पोरांचं आडनाव केआलोहा! तुम्ही रिव्ह्यूमध्ये लिहिलंय ना की जावयाचं पहिलं नाव इंग्रजी आणि आडनाव हवाईयन असं कसं, तर त्याचं मूळ इथे आहे. ख्रिस्ती नावाची सक्ती 1967 पर्यंत कायद्यात होती, तोवर कित्येक घरांत हवाईयन नाव मधल्या नावात जाऊन बसलं होतं.

त्यामुळे आडनावाचा सातशे वर्षांचा इतिहास लिहिणं खोटं झालं असतं. घराण्याचा इतिहास मात्र जुना असू शकतो, तिकडे वंशावळीला मोओकूआउहाउ म्हणतात, सरदार घराण्यांच्या वंशावळी तोंडपाठ म्हटल्या जायच्या. तुमच्या व्याह्यांकडे कुणा आजीला माहिती असेल तर लिहून घ्या, त्याची वेगळी फ्रेम मी आनंदाने करीन.

आणि नंबर. त्या वेबसाइटचे जागतिक नंबर अंदाजाचे असतात म्हणून छापत नाही. पण आडनाव हवाईत चांगलं ओळखीचं आहे आणि त्याचं कारणही कायद्यातच आहे: केआलोहा हे नाव बाईचंही असायचं आणि पुरुषाचंही, आवडतं नाव, त्यामुळे वेगवेगळ्या बेटांवर एकमेकांशी काही संबंध नसलेल्या घरांचं तेच आडनाव झालं. आपल्याकडे दोन पाटील भेटले तर नातेवाईक असतीलच असं नाही ना, तसंच. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये पोहण्यात दोन केआलोहा होते: पुआ केआलोहा 100 मीटर फ्रीस्टाइलमध्ये हवाईच्याच ड्यूक कहानामोकू या जलतरणपटूच्या मागे दुसरा आला आणि रिलेत सुवर्ण मिळवलं, वॉरन केआलोहाने 100 मीटर बॅकस्ट्रोकचं सुवर्ण घेतलं आणि 1924 ला पॅरिसमध्ये पुन्हा घेतलं. ही ओळ फ्रेमवर यायला हवी होती, नंबरपेक्षा जावयाला हीच जास्त आवडली असती.

आता एक गोष्ट जी तुमच्या रिव्ह्यूत नाहीये. तुम्ही टाकलेला फोटो मी मोठा करून बघितला आणि पोटात गोळा आला. इंग्रजी अक्षरं बरोबर आहेत, पण खाली देवनागरीत आम्ही ‘केलोहा’ कोरलंय. मधला ‘आ’ गेलाय. लेझरच्या फाइलमध्ये ओळ लांब होत होती म्हणून आमच्याकडच्या मुलाने अक्षरं जवळ घेतली आणि त्यात तो उडाला, व्हॉट्सॲपवर प्रूफ पाठवताना मीही बघितलं नाही. तुम्ही ओके म्हणाला होतात तरी बघणं माझं काम होतं. के आणि आ वेगवेगळे उच्चारतात, ‘आ’ काढला की आलोहाच राहत नाही, नावातला सगळा जीवच जातो. तुम्ही सांगितलेल्या पाचही गोष्टींपेक्षा ही चूक मोठी आहे आणि ती तुम्ही न सांगता मला दिसली म्हणून गप्प बसणं बरोबर नाही.

तर नवीन फ्रेम करतोय, पैसे नाहीत, जुनी परत पाठवायची गरज नाही. फक्त एक करा, जावईबापूंना स्वतःचं आडनाव सावकाश म्हणायला सांगून तेवढी व्हॉइस नोट मला पाठवा. ती ऐकून देवनागरी ओळ परत लिहितो, प्रूफ त्यांनाही दाखवू, आणि त्यांचा होकार आल्यावरच लेझर चालू करतो.