लाखोली

आमच्या चिरंजीवांच्या मराठीच्या चाचणीत 'लाखोली वाहणे' हा वाक्प्रचार आला. पठ्ठ्यानं वाक्य केलं, 'माझी आजी श्रावणात शंकराला लाखोली वाहते.' त्यावर लाल फुली, शेजारी बाईंच्या टपोऱ्या अक्षरात, 'शिव्या देणे'.

पोराचं काय चुकलं? घरात गेला पंधरवडा तेच चालू आहे. आईनं लाख बेलाचा संकल्प सोडलाय. तीस दिवसांत लाख, म्हणजे रोज ३,३३३ पानं. वर शेवटी दहा उरतात ती वेगळीच. संकल्प तिचा, मोजणी माझी. किडकं चालत नाही, फाटकं चालत नाही, त्रिदळच हवं. शंभर झाली की ताटलीत एक सुपारी. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी बोटातला काटा काढत असतो.

मराठी माणसानं क्रियापद तेच ठेवलं, फक्त बेलाच्या जागी शिव्या आणल्या. शिवी देतात, घालतात, हासडतात. लाखोली मात्र वाहतात, समोरचा जणू गाभाऱ्यातच बसलाय! सेकंदाला एक धरली तरी लाख शिव्यांना सत्तावीस तास सेहेचाळीस मिनिटं लागतात, घोटभर पाणी न पिता. पार्किंगवरून भांडणारे आमचे शेजारी चौथ्या शिवीनंतर पुन्हा पहिलीवर येतात.

खरा दम सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुखेड आणि बोरीच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून, हातवारे करकरून एकमेकींचा उद्धार करतात. त्याला बोरीचा बार म्हणतात. म्हणजे तोही श्रावणातलाच. तिथं सुपाऱ्या घेऊन मोजायला बसायची माझी तरी छाती नाही.

तर, पेपर आईला दाखवला.

"काय लिहिलंय त्या भवानीनं?" तिनं चष्मा चढवला. "शिव्या? देवाच्या लाखोलीला शिव्या म्हणते मेली? या सटवीला मास्तरीण कोणी केली? थांब, उद्या शाळेत येऊन त्या टवळीला विचारते!"

"आजी, चार झाल्या," चिरंजीव म्हणाले. त्यानं ताटलीतल्या चार सुपाऱ्या उचलून वेगळ्या मांडल्या होत्या.

ताटलीत आधी किती होत्या, ते आता शंकरालाच ठाऊक. मला हसू आवरेना.

"दात काय काढतोस? पहिल्यापासून मोज, मुडद्या!"

"पाच."