वायर तेवढी स्वस्तातली!

बोटीसाठी फिश फाइंडर (ध्वनिलहरींनी पाण्यातले मासे नि तळ दाखवणारं यंत्र) घेताना स्क्रीन ७ इंची की ९ इंची यावर खल संपत नाही. जीपीएस हवं, बोटीच्या दोन्ही बाजूंचं दाखवणारं साइड स्कॅन हवं, सगळं हवं. आणि त्याला वीज पुरवायला काय? घरात उरलेली वायर! टोकांना पीळ दिला, वर काळी चिकटपट्टी गुंडाळली, झालं काम.

अरे, खारं पाणी आहे ते! साधं तांबं आतल्या आत हिरवं पडतं आणि वरचं आवरण मात्र ठणठणीत दिसतं. कथिलाचा मुलामा दिलेली वायर मिळते, आतून गोंद असलेली, तापवली की आवळून बसणारी हीट श्रिंक नळी मिळते, पण नेमका तिथेच हात आखडतो. मग इंजिनाला स्टार्टर मारला की व्होल्टेज कोसळतं, स्क्रीन विझते, आणि दोष कुणाचा? यंत्राचा! १२ व्होल्टच्या लाइनमध्ये १ व्होल्ट वाटेतच गळला तर ८ टक्क्यांहून जास्त गेला की हो! मोजणार कोण? मल्टिमीटर डब्यात पडून.

फ्यूजचं तर विचारूच नका. तो बॅटरीजवळ हवा, कारण त्याने वाचवायची असते वायर. बसवतात मात्र स्क्रीनच्या मागे. (बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाला तर तेवढाही नाही. पंप अडकला की वायर तापत बसते.)

ट्रान्सड्यूसर, म्हणजे फिश फाइंडरचा ध्वनिलहरी सोडणारा-टिपणारा भाग, लावायचा मोटरच्या पंख्याला खेटून, बुडबुड्यांत, आणि वर तक्रार करायची, वेग घेतला की तळ दिसत नाही. कसा दिसेल? बुडबुडे ध्वनिलहरी पुढे जाऊ देतील तर ना!