खुलासा : सोलर कुकरमधलं अन्न ‘कच्चं आणि घातक’ नसतं

‘पेटीच्या सोलर कुकरमध्ये 100 अंश तापमान गाठलं जात नाही, त्यामुळे जंतू मरत नाहीत,’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे.

जंतू मारायला उकळी लागत नाही. दूध पाश्चराइज करतात ते 63 अंशांवर 30 मिनिटं किंवा 72 अंशांवर 15 सेकंद. भात, डाळ, भाज्या 85-90 अंशांवरही शिजतात, फक्त वेळ जास्त लागतो. शिवाय स्वच्छ उन्हात, आरसा नीट सूर्याकडे फिरवत राहिलं, तर चांगली पेटी 100 च्या वर सहज जाते. मी स्वतः आत थर्मामीटर ठेवून पाहिलंय. (काळं भांडं हवं, चकचकीत स्टीलमध्ये निम्मं ऊन परततं की काय, असं वाटतं!)

एका बाबतीत मात्र मेसेजमधली भीती खरी आहे. राजमा. त्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन मंद आचेवर नष्ट होत नाही. म्हणून तो भिजवून, पाणी बदलून, आधी गॅसवर किमान 10 मिनिटं खळखळून उकळा आणि मगच सोलर कुकरमध्ये ठेवा. तसंच मध्येच ढग आले तर अर्धवट शिजलेलं अन्न तासन्‌तास कोमट ठेवू नका, लगेच गॅसवर पूर्ण करा.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.